पाच नंबरची टोपी

संपादक साहेब दोनदा घरी आले. म्हणाले, "मिस्त्री, आता राज्य आपलं झालं. कारागिराला मान मिळणार. दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या धंद्याचे अनुभव लिहून द्या. सणाचा अंक आहे, जरा गोड लिहा." मी म्हटलं, गोड पाहिजे असेल तर हलवायाच्या दुकानात जा. तरी ते उठेनात, म्हणून लिहायला बसलो.

माझी शाळा दुसरीत सुटली. एकेक अक्षर लावून लिहिलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी खुशाल सुधारावं, शब्दाला हात लावू नये. लावला तर त्यांच्या छापखान्याचं यंत्र बंद पडेल तेव्हा मी जाणार नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

माझा धंदा मेलेली इंजिनं उठवायचा. गोंदियात सुरुवात केली ती भाताच्या गिरणीत, वाफेच्या बॉयलरमध्ये टोपल्या टोपल्या कोंडा टाकण्यापासून. मग एकाच मोठ्या सिलिंडरची तेलाची इंजिनं आली. त्यांचं सरळ काम होतं. एक दट्ट्या, एक चाक, म्हशीसारखं थंड डोकं. त्यानंतर सहा सिलिंडरवाली आली आणि अर्धे मिस्त्री घरी बसले. मी बसलो नाही. मी हट्टी आहे, लोक म्हणतात तसा.

ज्यांनी हे इंजिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका लांब लोखंडी पेटीत ओळीने सहा विहिरी असतात. प्रत्येक विहिरीत एक दट्ट्या खाली-वर होतो. दट्ट्याला खाली एक लोखंडी हात जोडलेला असतो, त्याला आम्ही कनेटिन म्हणतो. असे सहा हात मिळून खालचा वाकडातिकडा दांडा फिरवतात. सहाही एकदम जोर लावत नाहीत, पाळी लागलेली असते. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. ही पाळी चुकली की इंजिन खोकत बसतं.

आता या हाताचा जो पंजा दांड्याला धरतो तो दोन अर्ध्यांचा असतो. वरचा अर्धा हातालाच असतो आणि खालचा अर्धा सुटा. त्या सुट्या अर्ध्याला टोपी म्हणतात. दांड्याला मिठी मारून टोपी दोन बोल्टांनी आवळायची. हात आणि त्याची टोपी कारखान्यात एकत्र धरून कोरलेले असतात. दिसायला सहाही टोप्या सख्ख्या बहिणी, पण एकीची दुसऱ्या हाताला चालत नाही. केसाएवढा फरक राहतो आणि तेवढाच इंजिनाला पुरतो. म्हणून हातावर आणि त्याच्या टोपीवर एकच आकडा ठोकलेला असतो.

एवढं समजलं तर पुढचं सगळं समजेल.

मेलेली इंजिनं यायची ती जंगलातल्या लाकूड कापायच्या कारखान्यांतून, ठेकेदारांकडून, मालगुजाराच्या वाड्यात वीज करायला आणलेली. कोणी पाण्याशिवाय चालवून मारलं, कोणी पावसात उघडं टाकून. इंजिन जाम झालं की लोक घण घेऊन धावतात. मी कोणाला घण धरू दिला नाही. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून सहाही विहिरींत सोडायचं, वरून गोणपाट टाकायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. दोन दिवसांत सुटो की आठवड्यात सुटो, त्याच्या मनाने सुटू द्यायचं. शेठ येऊन विचारायचे, "मिस्त्री, काम चालू है कि सो रहे हो?" मी म्हणायचो, तेल काम करून राहिलं आहे, मी त्याच्यावर नजर ठेवून आहे.

शेठ म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. टेसनामागे त्यांचं टिनाचं मोठं छप्पर होतं. बरे होते. वाईट होते असं मी कधी म्हटलं नाही. पण शेठ तो शेठ.

आणि माझ्याबरोबर फागू होता. चिचगडच्या जंगलाकडचा गोंड माणूस, माझ्याहून थोडा लहान. ठेकेदाराची लाकडं ओढता ओढता तिथल्या इंजिनाच्या जवळ गेला आणि तिथेच चिकटला. ठेकेदार उठून गेला तेव्हा हा पायी गोंदियाला आला आणि आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "मले इंजनाचा आवाज समजते." मी म्हटलं, सांग मग, हे काय म्हणून राहिलं? छपराखाली एक इंजिन चालू होतं. तो जवळ गेला नाही. तिथूनच म्हणाला, "मांगून दुसरा रडून राहिला." खोलून पाहिलं तर मागून दुसऱ्याचा वॉल्व जळलेला. त्या दिवसापासून तो आमचा झाला. तो मला तू म्हणायचा, मी त्याला तू म्हणायचो. वर्कशॉपात बाकी सगळे मला मिस्त्री आणि तुम्ही म्हणत.

लढाई सुरू झाली आणि नवीन सामान येणं बंद झालं. बेरिंग नाही, बोल्ट नाही, इंजिनात टाकायचं तेल नाही. तेव्हाचं एक गिऱ्हाईक सांगतो, कारण ते आठवलं की फागूचं हसणं ऐकू येतं.

एका मालगुजाराचे कारभारी बैलगाडीवर इंजिन घेऊन आले. वर हार घातलेला. मी चाक फिरवून पाहिलं, जागचं हलेना. खालचं झाकण काढलं तर आत सगळं पिवळं, चकचकीत, जणू पलंगाला वारनिस लावलं आहे.

"कारभारी, यात काय टाकलं?"

"तेल."

"कोणतं तेल?"

"जवसाचं. घरच्या घाण्याचं. एकदम असल."

"कायले टाकलं?"

"मंग काय टाकू? तुमचं विलायती तेल भेटत नाही. आमी जन्मभर जवसाच्या तेलात भाजी खाऊन राहिलो. आमाले पचते अन् या लोखंडाले पचत नाही?"

जवसाचं तेल वाळतं. म्हणून तर सुतार दारांना लावतो. इंजिनाच्या गरमीत ते असं वाळलं की सहाही दट्टे डिंकात बसल्यासारखे झाले. फागूने वाकून वास घेतला आणि म्हणाला, "मिस्त्री, कांदे आन. फोडनी तयार हाय." कारभारी रागावले. आम्ही ते सगळं राखेच्या पाण्यात उकळून उकळून काढलं, इंजिन उठवलं. कारभारी जाताना म्हणाले की पुढच्या सालापासून तिळाचं टाकतो, ते जास्त महाग असते. आणि गावात जाऊन सांगितलं की गोंदियाच्या मिस्त्रीने चांगल्या इंजिनाचा चिकणेपणा काढून टाकला. हे आमचं नाव.

आता मूळ गोष्ट.

आधी हात-टोपीवर आकडा नसला तर आम्ही ठिपके मारायचो. पहिल्याला एक ठिपका, दुसऱ्याला दोन. फागूला शाळा नव्हती, ठिपक्यांवर त्याचं काम बरोबर चालायचं. पण एक दिवस भाकर खाता खाता म्हणाला, "ठिपके मोजनं म्हंजे बाईनं पोरायले चिचोके मोजाले देल्यावानी. मले आकडे शिकव."

मी टिनाच्या पत्र्यावर खडूने एक ते सहा काढून दिले. मला जे लिहिता येतात ते, आपले मराठी. तो रोज गिरवायचा. सहापर्यंत आला आणि थांबला. मी म्हटलं, पुढे सात. तो म्हणाला, "सात कायले? इंजनाले सात कोठी रायतात?" शेठना सांगितलं तर ते खूप हसले. त्यानंतर फागू धानाच्या बोऱ्यांवरचे आकडे वाचत फिरायचा. सातापासून पुढे आला की म्हणायचा, "हा आपल्या कामाचा नाही." आम्ही ठिपके सोडून दिले. मी छन्नीने आकडे ठोकायला लागलो, कारण त्याला वाचता यायला लागलं होतं.

त्याच सुमाराला शेठनी कामठ्याकडे भाताची गिरणी घ्यायचं ठरवलं. नवीन इंजिन मिळणं शक्य नव्हतं. फागू म्हणाला, आमच्याकडे ठेकेदार तीन इंजिनं टाकून गेला आहे, मोहाच्या झाडाखाली पडून आहेत. शेठनी ती विकत घेतली आणि आम्ही दोघं जाऊन घेऊन आलो. तिन्ही एकाच कारखान्याची, तिन्ही मेलेली. एकात तर वाळवीने घर केलं होतं. शेठनी विचारलं, "कितने उठेंगे?" मी म्हटलं, तिघांचं मिळून एक.

रॉकेल भेटत नव्हतं, म्हणून ते कोळशाच्या गॅसवर चालवायचं ठरलं. मोठ्या पिंपात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्याचा धूर गाळून इंजिनाला पाजायचा. ज्याला इंजिन समजतं त्याला कोळसा समजत नाही आणि ज्याला कोळसा समजतो त्याला इंजिन समजत नाही. फागूला दोन्ही समजत होतं. शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं, "कामठे का इंजिन फागू चलाएगा. कमरा भी मिलेगा."

फागूला आयुष्यात कोणी खोली दिली नव्हती. त्याची बायको इमलाबाई अजून जंगलात दुसऱ्या ठेकेदाराच्या मागे फिरून झोपडं टाकत होती. आज या नाल्यावर, उद्या त्या. लेकरं तापाने फणफणायची. तो मला म्हणाला, "आता दार असलेलं घर भेटन." तो लगेच जाऊन तिला घेऊन आला. इंजिन तयार व्हायच्या आधी इमलाबाईने कामठ्याच्या खोलीत चूल घातली.

इंजिन उभं केलं. पेटी आणि दांडा पहिल्याचा. चार हात पहिल्याचे, त्यांच्यावर कारखान्याचे आकडे ठोकलेले, इंग्रजी एक ते चार. दोन हात दुसऱ्या इंजिनाचे. त्यांच्यावरचे आकडे गंजाने खाल्ले होते, म्हणून मी छन्नीने पाच आणि सहा ठोकले, हातावर आणि टोपीवर. प्रत्येक पंज्यात नवं पांढरं मेटल, म्हणजे मऊ धातूचं अस्तर, ओतलं. टोपी बसवायची, फिरवायचं, काढायची, जिथे घासलं तिथे सुरीने खरवडायचं, परत बसवायची. हे काम मी आणि फागू दोघांनी केलं. त्या मेटलात तोंड दिसत होतं. मी आजवर तसं काम पुन्हा केलेलं नाही.

मग सगळं उघडून धुतलं. आता शेवटचं बांधायचं.

आमच्याकडे एक चाल होती. माझ्या उस्तादांची, वाफेच्या गिरणीतल्या म्हाताऱ्याची. जो माणूस इंजिन चालवणार त्याने त्याचं पोट आपल्या हाताने बांधायचं. पोट म्हणजे टोप्या आवळून खालचं झाकण लावेपर्यंतचं काम. तेव्हा दुसऱ्याने हात घालायचा नाही. आणि बांधणाऱ्याने बोलायचं नाही, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. उस्ताद म्हणत, तेव्हा माणूस आणि इंजिन एकमेकांना ओळखून राहिले असतात, मध्ये तिसरा नको. मी ही चाल पाळली आणि फागूला शिकवली. अजूनही ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बोलता बोलता बोल्ट आवळायचे राहून जातात, हे मी पाहिलं आहे.

दट्टे आणि हात मी वरून सोडून दिले आणि बाजूला झालो. नारळ फुटला. फागूने आपल्या मोठ्या देवाच्या नावाने मोहाचे दोन थेंब जमिनीवर टाकले आणि इंजिनाखाली शिरला. मी दाराशी बिडी ओढत बसलो. एकदा तो मान बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिला. मी मान वळवली. चाल म्हणजे चाल. तो परत आत गेला.

झाकण लागल्यावर चाक फिरवून पाहिलं. घट्ट होतं. फागू म्हणाला, "थोडा जड लागते ना गा?" मी म्हटलं, नवं मेटल आहे, घट्टच राहते, चालेल तसं सुटेल. आणि ते खरं आहे. नवं मेटल घट्टच राहतं.

कामठ्याला गिरणीच्या उद्घाटनाला आजूबाजूच्या गावांतून लोक बैलगाड्या घेऊन आले होते. नवं धान निघालं होतं. फागूने अंगात धुतलेला सदरा घातला होता, इमलाबाई लेकरांना घेऊन खोलीच्या दारात उभी. त्याने पिंपातला कोळसा पाहिला, गॅसला काडी लावून जाळ पाहिला आणि इंजिन चालू केलं. पहिल्या फिरकीत उठलं. सहाही सारखे. लोक ओरडले. मला तेव्हा वाटलं, आता मेलो तरी चालेल.

पट्टा चढवला, गिरणी धान गिळायला लागली. दुपारपर्यंत चाललं. मग फागूचा चेहरा बदलला. तो इंजिनाजवळ धावला, हात वर करून मला काही सांगायला वळला, आणि त्याच वेळेस बंदुकीसारखा आवाज झाला. इंजिनाने हात बाहेर काढला. पेटी फोडून लोखंडी हात बाहेर आला, गरम तेल भिंतीवर उडालं. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. पट्टा सुटून सापासारखा आपटत राहिला आणि मग सगळं गप्प झालं.

मी खाली शिरून तुकडे काढले. दोन टोप्या गोणपाटावर मांडल्या. एक कारखान्याची चार नंबरची आणि एक माझी पाच नंबरची. दोन्ही एकमेकींच्या जागी बसलेल्या होत्या. मेटल वितळून वाहून गेलेलं.

शेठनी विचारलं, "किसने बांधा था?"

सगळ्यांना माहीत होतं. फागू म्हणाला, "मी बांधलो."

मी दोन्ही टोप्या शेठच्या नाकासमोर धरल्या. म्हटलं, नीट बघा. कारखान्याचा इंग्रजी चार वरून उघडा आहे. आपला मराठी पाच छन्नीने सरळ रेघांत ठोकला की असाच दिसतो. इंग्रजी दोन आपल्या दोनासारखा, तीन आपल्या तिनासारखा. याला मराठी आकडे मी शिकवले आणि याने जे शिकलं तेच वाचलं. वाचण्यात चूक नाही.

शेठनी टोप्या उलटसुलट करून पाहिल्या. म्हणाले, "बात तो सही है, मिस्त्री. पर इंजिन तो टूट गया न?"

धानाच्या बोऱ्यावर बसलेला एक शेतकरी मोठ्याने म्हणाला, "चाराले पाच म्हन्ते! अरे, आमचं धान याच्याच हातानं मोजा. चार खंडीचे पाच खंडी होतीन!"

सगळं आवार हसलं. शेठही हसले. सकाळपासून खोळंबलेली माणसं होती, त्यांना हसायला काहीतरी पाहिजे होतं. फागू चिंधीने हात पुसत होता. हात स्वच्छ झाले तरी पुसत होता.

लोक गाड्या जुंपायला गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"तुले माहीत होता?"

"काय?"

"का त्यायचा चार आपल्या पाचावानी रायते म्हून."

"हाव. माहीत होतं."

"मले दोन पाच दिसले. चार कोठीच नाही. मी म्हनलो, दोन्ही पाचच हायत तं कोनतीबी कोनाले चालन."

"दोन पाच दिसले, तं इचारलास काऊन नाही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पोट बांधताना बोलाचं नाही म्हून मले कोनं शिकवलं?"

इंजिनाखालून त्याने मान बाहेर काढली होती आणि मी तोंड फिरवलं होतं, हे त्यालाही आठवत होतं आणि मलाही. पण रोज दोन्ही आकडे डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसाला ते सारखे दिसतात हे कधी दिसतच नाही. माशाला पाणी सांगा म्हटल्यासारखं आहे. कोणाला पटो न पटो.

इंजिन मी परत उठवलं. तिसऱ्या इंजिनाचा हात घेतला, पेटीला भोक पडलं होतं तिथे पत्रा बोल्टांनी बसवला. तो पत्रा आजही आहे, एक थेंब गळत नाही. या वेळेला पोट मी बांधलं, कारण शेठ म्हणाले, "अब वह नहीं छुएगा."

मी भांडलो. म्हटलं, तो बसणार नसेल तर मीही तुमच्याकडे राहत नाही. इंजिन त्याचं आहे, आवाज त्याला समजतो, कोळसा त्याला समजतो. एकदा चुकलं, आता दहा जन्मांत चुकणार नाही. शेठ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मिस्त्री, मैं भी जानता हूँ कि अब नहीं चूकेगा. पर लोग उस पर हँसे हैं. जिस आदमी पर गिराहक हँसता है, उसके हाथ में मैं गिरणी नहीं दे सकता. तुम बैठो. नहीं तो नागपुर से आदमी बुलाता हूँ."

नागपूरचा माणूस आला असता तर त्याने पहिल्या पावसाळ्यात ते इंजिन मारलं असतं. मी बसलो. यात मी काही वाईट केलं असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगावं, दुसरं काय करायला पाहिजे होतं. मी नाही म्हटलं असतं तर खोली फागूला मिळाली असती का? नसती. कोणी तिसराच आला असता. फक्त माझा हात इंजिनावरून गेला असता आणि फागूचा तर गेलाच होता. गावात काही लोक म्हणतात की मिस्त्रीने शिकवलं आणि मिस्त्रीनेच जागा घेतली. म्हणोत. त्यांच्यातला एकही त्या दिवशी हसायचा थांबला नव्हता.

खोली सोडताना इमलाबाईने भांडी डोक्यावर घेतली. ती रडली नाही, भांडली नाही. मला म्हणाली, "खोली सारवून ठेवली हाय. चूल नवी हाय जी, पयल्या पयल्या दिवसी जास्त जार नोका लावू. तडकते." फागू तोवर रस्त्याला लागला होता. पोराला खांद्यावर घेऊन सरळ चालत होता.

मला वाटलं चिचगडला परत गेला. तसं नव्हतं. पुढच्या हंगामाला कळलं की जवळच्याच एका गावात तो एका शेतकऱ्याकडे सालगडी म्हणून राहिला आहे. दुसऱ्याच्या बैलांचं शेण काढतो. मी दोनदा निरोप पाठवला की वर्कशॉपात ये, मी शेठशी बोलतो. उत्तर आलं नाही.

मग एक दिवस तो गिरणीवर आला. मालकाच्या धानाची गाडी घेऊन, बाकीच्या गाड्यांच्या मागे उभा. मी इंजिन सोडून बाहेर गेलो. गिरणीच्या गोंगाटात आवाज पोचत नाही म्हणून जवळ जाऊन म्हटलं, "फागू, कवाचा उभा हायेस गा? अंदर ये ना."

तो गाडीवरून उतरला. हात जोडले.

"रामराम जी, मिस्त्री. आमाले वेळ नाही. आमची पारी कवा येईन तेवढं सांगा ना तुमी."

इतकी वर्षं त्याने मला तुम्ही म्हटलं नव्हतं. शेठला म्हणायचा, कारभाऱ्यांना म्हणायचा. मला वाटलं चेष्टा करतो आहे, म्हणून तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती. इतर गाडीवान जसं बोलतात तसंच तो बोलत होता.

आतून इंजिनाचा एक ठोका बसका येत होता, सकाळपासून मला तो सापडत नव्हता. फागूची मान त्या बाजूला वळली. मी थांबलो. म्हटलं, आता बोलेल. तो ऐकत राहिला, पुरतं ऐकलं, हे मला दिसलं. मग त्याने बैलाच्या पाठीवरची गोमाशी उडवली.

मी म्हटलं, "तुझी गाडी समोर घे. तुझं धान आधी लावतो."

"नोका, जी," तो म्हणाला. "पारी सोडून नोका लावू. लोक हासतीन."

मी आत गेलो. त्याचं धान त्याच्या पाळीनेच लावलं.